आठवीच्या जूनमध्ये उघडलेले खाते

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मे महिना उजाडला की शैक्षणिक कर्जाच्या पानभर जाहिराती येऊ लागतात. बारावी झालेल्या मुलांना विचारून पाहा, तुमच्या पुढच्या शिक्षणाला एकूण किती पैसे लागणार, पहिला भरणा कुठल्या महिन्यात आणि तो कोण करणार? बहुतेकांना सांगता येत नाही. दोष त्यांचा नाही. आपण मुलांना गल्ला देतो, 'उधळपट्टी करू नको' हे दिवसातून दोनदा ऐकवतो, पण फीची पावती त्यांच्या नजरेला पडू देत नाही. काटकसर कशासाठी हेच कळले नाही तर पंधरा वर्षांच्या पोराने वडापाव का सोडावा? आमचे म्हणणे साधे आहे. मुलांना बचत शिकवायची तर ती त्यांच्याच शिक्षणखर्चाच्या एका ठरावीक ओळीशी आणि कॅलेंडरवरच्या एका ठरावीक महिन्याशी बांधा. 'भविष्यासाठी' हा शब्द घरात वापरूच नका.

महिन्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पोस्टाच्या आवर्ती ठेवीची, म्हणजे आरडीची मुदत पाच वर्षे, साठ हप्ते. आठवीचा वर्ग जूनमध्ये सुरू होताना खाते उघडले तर आठवी ते बारावी ही पाच वर्षे संपून ठेव बरोबर बारावीनंतरच्या जूनमध्ये, प्रवेशाच्या तोंडावर हाती येते. असा मेळ दुसऱ्या कुठल्याही इयत्तेत बसत नाही. नववीत पोस्टाचे आरडी उघडले तर ते मुलाच्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी पिकेल. मधेच बंद करता येते, पण तीन वर्षे झाल्यावरच, आणि तेव्हा सगळ्या रकमेवर बचत खात्याचे ४ टक्के व्याज मिळते. म्हणून नववी-दहावीच्या मुलांनी पोस्टापेक्षा बँकेचे आरडी घ्यावे. तिथे ३६ किंवा ४८ महिने अशी मुदत आपल्याला निवडता येते. खाते उघडताना काउंटरवर 'किती वर्षांचे?' असे विचारतील. उत्तर वर्षांत देऊ नका, 'अमुक सालच्या जूनला पैसे हवेत' असे सांगा आणि मुदत उलटी मोजून घ्या.

पोस्टाच्या आरडीचा किमान हप्ता महिना १०० रुपये, पुढे १० च्या पटीत कितीही. दहा वर्षे पूर्ण झालेले मूल स्वतःच्या नावाने खाते उघडू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झालेला ६.७ टक्के दर धरला तर महिना ५०० रुपयांचे पाच वर्षांत ३५,६८३ होतात. भरले ३०,०००, व्याज ५,६८३. खाते उघडताना जो दर असतो तोच मुदत संपेपर्यंत राहतो. खाते महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत उघडले असेल तर पुढचा प्रत्येक हप्ता पंधरा तारखेच्या आत, सोळानंतर उघडले असेल तर महिनाअखेरपर्यंत. ज्या घरात पगार सात किंवा दहा तारखेला होतो तिथे पंधरा तारखेचा नियम सोयीचा; जिथे रोजंदारी किंवा धंदा आहे तिथे महिनाअखेरचा. हप्ता चुकला तर दर १०० रुपयांमागे महिना १ रुपया दंड, आणि ओळीने चार हप्ते चुकले की खाते खंडित होते. ते दोन महिन्यांच्या आत चालू करून घ्यावे लागते. हप्ते हमखास चुकतात ते वार्षिक परीक्षेच्या मार्च-एप्रिलमध्ये आणि गावी जाण्याच्या मे महिन्यात. त्यावर उपाय पोस्टानेच दिला आहे: हप्ते आगाऊ भरता येतात आणि सहा हप्ते एकदम भरले तर १०० रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपये, बारा भरले तर ४० रुपये सूट मिळते. दिवाळीत जमलेल्या पैशांतून सहा हप्ते भरून टाकले की मेपर्यंतची चिंता मिटली.

आता दिवाळीच्या पैशांविषयी, जरा स्पष्टच. भाऊबीजेची ओवाळणी, वाढदिवसाचे पाकीट, गणपतीत पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेली नोट: मध्यमवर्गीय घरातल्या मुलाचे वर्षाचे खरे उत्पन्न हेच असते. ते आईवडील 'माझ्याकडे दे, ठेवते' म्हणून घेतात आणि वाणसामानात खर्च होते. घराला गरज असते, कबूल आहे. पण मुलाला ते कळते, आणि पुढच्या वर्षीची नोट तो पुस्तकात लपवतो. बचतीची शिकवणी तिथेच बुडते. मुलाचे पैसे घरात वापरायचेच असतील तर वहीत 'आईने घेतले, १,२००, परत देण्याची तारीख' असे त्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्या आणि त्या तारखेला परत करा. मुलाला उसनवारीचा व्यवहार यातून जितका कळेल तितका दुसऱ्या कशातून कळणार नाही.

वहीचा विषय निघालाच आहे, तर तिची आखणीही सांगतो. पहिला महिनाभर बचत करायला लावूच नका, फक्त लिहायला लावा. चार रकाने पुरे: तारीख, रक्कम, कशावर, आणि 'ठरवून की बघून'. चौथा रकाना महत्त्वाचा. घरातून निघताना जे घ्यायचे ठरले होते ते 'ठरवून'. स्टेशनबाहेर दिसले, मित्रांनी घेतले म्हणून घेतले ते 'बघून'. महिन्याच्या शेवटी मुलानेच दोन्हींची बेरीज करायची. आईवडिलांनी वही पाहिली तर एक पथ्य पाळावे: लिहिलेल्या खर्चावरून बोलायचे नाही. एकदा बोललात की पुढच्या आठवड्यापासून वहीत फक्त झेरॉक्स आणि पेनच दिसतील. खोट्या नोंदींची वही नसलेलीच बरी.

खाऊच्या पैशांचा हिशेबही थोडा वेगळा करायला हवा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आठवड्याला, पंधरा-सोळाच्या मुलाला महिन्याला, ठरलेल्या तारखेला पैसे द्या. आणि त्यात काय-काय बसते हे आधी ठरवा. नुसते खाण्यापुरते २०० रुपये देण्यापेक्षा ८०० द्या आणि बस-रिक्षा, मोबाइलचे रिचार्ज, वह्या-झेरॉक्स आणि आरडीचा हप्ता हे सगळे त्याच्यावर सोपवा. रक्कम घराच्या ऐपतीप्रमाणे. मुद्दा जबाबदारीचा आहे. हप्त्याचे पैसे हातात पडतील त्याच दिवशी खात्यात जावेत. महिनाअखेरीला उरतील ते टाकू म्हणणाऱ्याचे कधी उरत नाहीत, मोठ्यांचेही उरत नाहीत. वीस तारखेला पैसे संपले तर? संपू द्यावेत. कॉलेजला चालत जावे लागले किंवा रिचार्जविना चार दिवस काढावे लागले तर काही बिघडत नाही. अगदीच अडले तर पुढच्या महिन्यातून वळते करून घ्यावे. 'असू दे, घे आणखी शंभर' हे मात्र नको. विद्यार्थ्यांचा सवलतीचा रेल्वे पास कॉलेजच्या दाखल्यावर मिळतो. तो दाखला वेळेत आणणे हे मुलाचे काम ठेवा. जो रोज तिकीट काढतो त्याला पासाचा फायदा सांगून कळत नाही, महिनाभर वहीत लिहून कळतो.

आता मुख्य कागद. अकरावीच्या आधी, शक्यतो दहावीच्या दिवाळीत, मुलाला बरोबर घेऊन खर्चाचा अंदाज कागदावर मांडा. महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करते आणि ती कॉलेजवार पाहायला मिळते. ऐकीव आकडा घेऊ नका. इमारतीत कोणी दुसऱ्या वर्षाला असेल तर त्याची फीची पावती मागून बघा. पावतीवर शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळे दिसतील. अनामत, परीक्षा शुल्क, ग्रंथालय असे बारीकसारीक रकाने खाली असतात. मुंबईतल्या मुलांना हमखास माहीत नसते ती गोष्ट अशी: एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत, अनुदानित बी.कॉम. आणि विनाअनुदानित तत्त्वावरचा वाणिज्य शाखेचाच दुसरा अभ्यासक्रम यांच्या फीमध्ये अनेक पटींचा फरक असतो. नाव भारदस्त म्हणून दुसरा निवडणाऱ्या मुलाला तो फरक रुपयांत माहीत असावा, मग खुशाल निवडावा. तसेच दहावीनंतर वांद्र्याच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेत तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. वर्षे तेवढीच लागतात, दोन अधिक चार किंवा तीन अधिक तीन. पण या वाटेने पहिली फी सोळाव्या वर्षी भरावी लागते, म्हणून बचतीची तारीखही दोन वर्षे अलीकडे येते. आठवीत उघडलेले पाच वर्षांचे आरडी अशा मुलाला पहिल्या फीसाठी कामाचे नाही.

आजची फी हीच पाच वर्षांनंतरची फी धरणे ही मोठ्यांचीही चूक. समजा आज वर्षाला १ लाख रुपये फी आहे आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते असे धरले. आज आठवीत असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी सुमारे १,४७,०००, दुसऱ्या वर्षी १,५९,०००, तिसऱ्या वर्षी १,७१,००० आणि चौथ्या वर्षी १,८५,००० भरावे लागतील. चार वर्षांचे मिळून ६,६२,०००. मुलगा म्हणेल चार लाख. फरक अडीच लाखांहून जास्त. हे गणित त्याला स्वतःला करू द्या. चक्रवाढ व्याज त्याने आठवीच्या पुस्तकात सोडवलेले असते, तेच सूत्र आहे.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवे. ६,६२,००० समोर मुलाचे ३५,६८३ ठेवले की ते पाच टक्क्यांच्या आसपास भरतात. मुलाच्या बचतीतून पदवी विकत मिळत नाही, आणि तसा आव आणणारे सल्ले त्याला निराश करतात. मग या पैशांचे काम काय? दोन कामे अशी आहेत की तिथे ही लहान रक्कम मोठी ठरते.

पहिले काम अर्जांचे. बारावी विज्ञानच्या मुलाला ऑक्टोबरपासून पुढे एकामागून एक प्रवेशपरीक्षांचे अर्ज भरावे लागतात. २०२५ च्या नीटचा अर्ज खुल्या गटाला १,७०० रुपये होता. जेईई मेन्सचा एका सत्राचा अर्ज खुल्या गटातील मुलांना १,००० आणि मुलींना ८००, सत्रे दोन. त्यात राज्याची प्रवेशपरीक्षा एमएचटी-सीईटी, एखाद-दोन खासगी विद्यापीठांच्या परीक्षा, झेरॉक्स, केंद्रापर्यंतचे जाणे-येणे धरले तर सात-आठ हजार सहज होतात. हे पैसे मुलाने स्वतःच्या खात्यातून भरावेत. त्यासाठी अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये बँकेत महिना ६०० रुपयांचे बारा महिन्यांचे वेगळे आरडी उघडावे. बारावीच्या ऑक्टोबरमध्ये ७,२०० आणि वर थोडे व्याज हाती येते. अर्ज स्वतःच्या पैशांनी भरणारे मूल सरसकट सात अर्ज भरत नाही. कुठली परीक्षा खरेच द्यायची आहे याचा विचार करते. आमच्या मते या एका गोष्टीसाठीसुद्धा हा खटाटोप करावा.

दुसरे काम कर्जाच्या व्याजाचे, आणि याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाची वर्षे आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. या काळाला सवलतीचा काळ म्हणतात आणि मुलांचा समज होतो की तेव्हा व्याजही नसते. व्याज असते, या काळात ते सरळव्याजाने साठत जाते आणि शेवटी मुद्दलात मिळवले जाते. दरवर्षी १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख उचलले, दर १० टक्के धरला, तर पहिल्या वर्षाचे व्याज १०,०००, दुसऱ्या वर्षाचे २०,०००, मग ३०,०००, ४०,००० आणि नोकरी शोधण्याच्या वर्षाचे आणखी ४०,०००. एकूण १,४०,०००. म्हणजे हप्ते सुरू होतात तेव्हा कर्ज ५,४०,००० चे झालेले असते. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता ८,९६५ च्या आसपास, एकूण भरणा साडेसात लाखांच्या वर. तेच सगळे व्याज शिकत असतानाच भरत गेले तर मुद्दल ४ लाखच राहते आणि हप्ता ६,६४० पडतो; व्याज धरून एकूण भरणा सात लाखांच्या आत येतो.

सगळे व्याज भरणे प्रत्येक घराला जमणार नाही. पण आठवीपासूनच्या आरडीचे ३५,६८३ रुपये पाहा. पहिल्या दोन वर्षांचे व्याज होते ३०,०००. ते या पैशांतून भरून टाकले तर वर साडेपाच हजारांहून थोडे जास्त उरतात आणि सात वर्षांचा कर्जाचा हप्ता महिना ४९८ रुपयांनी कमी होतो. साठ महिने ५०० रुपये भरणाऱ्या मुलाचे पुढचे चौऱ्याऐंशी महिने जवळपास ५०० रुपये वाचतात. पंधरा वर्षांच्या मुलापुढे हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवा आणि गप्प बसा.

कर्जाबद्दल भीती घालू नये आणि भुरळही घालू नये. भारतातल्या शिक्षणासाठी ४ लाखांपर्यंतच्या कर्जात साधारणपणे स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, त्यापुढे ५ टक्के घालावा लागतो. परदेशासाठी १५ टक्के. केंद्र सरकारच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट. पण संस्था त्या यादीत आहे की नाही हे प्रवेशानंतर नव्हे, पसंतीक्रम भरतानाच पाहायचे असते.

शिष्यवृत्त्यांमध्ये मुलांच्या वयाला लागू पडणारी आणि तरीही सुटून जाणारी एक आहे: एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतील हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, कुटुंबाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, शाळा सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००, थेट मुलाच्या खात्यात. हे वरच्या आरडीपेक्षाही जास्त. पैसे बुडतात ते नूतनीकरणात: दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज पुन्हा भरावा लागतो, आणि दहावीनंतर शाळा बदलली की तो कोणी भरायचा यावरून राहून जातो. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नमर्यादा ८ लाख. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार त्याच मर्यादेतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही माफी नाही. वसतिगृह, खाणावळ, लॅपटॉप यांचा खर्च राहतोच. म्हणून मुलीच्या खर्चाचा कागद दोनदा मांडावा, माफी धरून एकदा आणि न धरता एकदा. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी सुकन्या समृद्धी खाते उघडलेले असेल तर ती दहावी उत्तीर्ण झाल्यावर किंवा अठरा वर्षांची झाल्यावर मागच्या आर्थिक वर्षाच्या अखेरच्या शिलकीपैकी निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. प्रवेशाचा पुरावा आणि फीची पावती किंवा मागणीपत्र लागते. पुष्कळ घरांत हे खाते 'लग्नाचे' म्हणून बाजूला असते आणि फीसाठी दागिना गहाण जातो. दहावीनंतर पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडण्याचा सल्लाही बरेचदा ऐकू येतो. त्याची मुदत पंधरा वर्षे; फीच्या कामाला ते येत नाही.

आता खात्याच्या अटी-शर्ती. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुधारित सूचना दिल्या: दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बचत व मुदत ठेव खाते स्वतः उघडू आणि चालवू द्यायचे की नाही, किती रकमेपर्यंत, हे प्रत्येक बँकेने आपल्या जोखीम धोरणानुसार ठरवावे. म्हणून शाखेत जाताना प्रश्न नेमका विचारा: मूल एकटे चालवू शकेल असे खाते आहे का, आणि त्याची मर्यादा किती? पालकाने चालवायचे खाते उघडून मुलाला पासबुक दाखवणे याने शिकवणी होत नाही. एटीएम कार्ड लगेच घेऊ नका. पहिले सहा महिने मुलाने स्लिप भरून पैसे भरावेत आणि काढावेत. पोस्टाच्या बचत खात्यात किमान शिल्लक ५०० रुपये. व्याज मोजताना महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरतात. म्हणून भरायचे दहाच्या आधी, काढायचे पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. मुलांना हा डाव कळला की मजा वाटते.

सही हा भाग वरकरणी हास्यास्पद, पण अडवणारा. तेराव्या वर्षी केलेली सही अठराव्या वर्षी तशीच राहत नाही. दहावीत मुले नव्या, वळणदार सह्या शोधतात आणि पोस्टात पैसे काढायच्या फॉर्मवर त्या जुळत नाहीत. खाते उघडण्याआधी एक साधी सही ठरवा, संपूर्ण नाव देवनागरीत असले तरी चालेल, आणि तीच ठेवा.

यूपीआय मुलांच्या हातात येणारच. पूर्ण मोकळीक देण्यापेक्षा यूपीआय सर्कल वापरून पालकाच्या खात्यावरून मर्यादित अधिकार देता येतो. त्यात महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका व्यवहाराला ५,००० अशी कमाल मर्यादा आहे. तुम्ही त्याहून कमी ठेवू शकता. किंवा दर व्यवहाराला पालकाची मंजुरी लागेल असेही करता येते. दोन गोष्टी मुलाकडून घोकून घ्याव्यात. पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. आणि कुणी कितीही कमिशन देऊ केले तरी आपले खाते 'दोन दिवस वापरायला' द्यायचे नाही. खेळाच्या ॲपवरच्या ओळखीतून अशी विचारणा होते. फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरले की खाते गोठवले जाते आणि मग फीचे पैसेही त्यातच अडकतात. फसवले गेल्याचे कळताच १९३० वर फोन करायचा, आईवडील काय म्हणतील याचा विचार नंतर.

मुंबईत आणखी एक सवय आहे, पतपेढी आणि भिशीची. पतपेढीचा कर्मचारी रोज दारात येतो, ओळखीचा असतो, दोन टक्के व्याज जास्त मिळते. पण ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकांतील ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात; एका ठेवीदाराला एका बँकेत व्याज धरून ५ लाखांपर्यंत. पतपेढ्यांना ते नाही. नावात 'बँक' आहे की 'पतसंस्था' हे पासबुकाच्या पहिल्या पानावर वाचायला मुलाला शिकवा. शिक्षणाचे पैसे भिशीत तर अजिबात नकोत. जूनमध्ये आपलाच नंबर लागेल याची खात्री कोण देणार?

शेवटी तो अठरावा वाढदिवस. बऱ्याच मुलांना बारावीच्या वर्षात किंवा त्याच्या लागोलाग अठरा पूर्ण होतात, म्हणजे नेमक्या प्रवेशाच्या धामधुमीत. त्या दिवशी अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) म्हणून उघडलेल्या बँक खात्यासाठी नवी केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची पडताळणी, आणि नवा सहीचा नमुना मागितला जातो. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर फोटो आणि सही नसते. ते बदलून घ्यावे लागते. म्युच्युअल फंडात मुलाच्या नावे एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, असेल तर ती त्या दिवशी थांबते, आणि 'अज्ञान ते सज्ञान' अशी नोंद होईपर्यंत पैसे काढता येत नाहीत. पैसे जातातही मुलाच्याच नावच्या बँक खात्यात, आईवडिलांच्या नाही. कॅपच्या एका फेरीनंतर कॉलेजात फी भरायला मोजके दिवस मिळतात. त्यात हे सगळे बसत नाही. म्हणून वाढदिवसाच्या दोन महिने आधी फंडाच्या फोलिओचे (खात्याचे) कागद, पासबुके, पॅन आणि आधार एका पाकिटात घालून कोणकोणते फॉर्म लागतील ते विचारून ठेवावे. आधारचे बोटांचे ठसे पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात; पंधरा ते सतरा या वयात ते विनामूल्य होते. ते राहून गेले तर केवायसी पुढे सरकत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जमा होतात आणि शेवटी जोडलेले खाते कोणते हे घरात कोणालाच आठवत नाही. ज्या बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नाही ते निष्क्रिय होते, तिथे सरकारी रक्कम अडू शकते. दर तीन महिन्यांनी मुलाने त्यात पन्नास रुपये भरावेत. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वैधतेची तारीख असते, तीही पाहावी.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. मे-जूनमध्ये शैक्षणिक कर्जाच्या जाहिराती आपण छापताच, त्या छापाव्यात. त्यांच्या शेजारी चौकट टाकून चार आकडे द्या: त्या वर्षीचे शैक्षणिक कर्जाचे व्याजदर, पोस्टाच्या आरडीचा त्या तिमाहीचा दर, प्रवेशपरीक्षांच्या अर्जांचे शुल्क आणि राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, महाडीबीटीवर, अर्ज करण्याची शेवटची तारीख. शाळांनी पूर्वी चालणारी संचयिका, म्हणजे शाळेतच मुलांची बचत जमा करण्याची योजना, निदान आठवीपुरती, पुन्हा सुरू करावी. शाळेजवळच्या टपाल कार्यालयाच्या पोस्टमास्तरांना जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन तासांसाठी बोलवावे. पालकांनी आधारच्या आणि जन्मदाखल्याच्या प्रती आणाव्यात, खाती वर्गातच उघडून व्हावीत. एका तुकडीला दोन तास पुरतात.

आपले,
माध्यमिक शाळांत अर्थसाक्षरतेचे वर्ग घेणारे काही शिक्षक आणि निवृत्त बँक कर्मचारी,
दादर, मुंबई